बंध, गाडा आणि मोकळी जमीन

व्हिएन्ना येथील कलासंग्रहालयात हायरोनिमस बॉश या चित्रकाराचे, खांद्यावर क्रूस घेऊन वधस्थानाकडे निघालेल्या येशूचे एक फलकचित्र जतन केलेले आहे. आणि त्याच फलकाच्या पाठीवर, सन १५०० च्या सुमारास, एका विवस्त्र बालकाची आकृती रंगविलेली आहे, जिच्या एका हातात भिरभिरे असून दुसरा हात चालणे शिकविणाऱ्या लाकडी चौकटीवर टेकलेला आहे. हे बालक म्हणजे बालयेशूच होय, असे बहुसंख्य कलाभ्यासक मानतात. याच्याही आधीचा, १४४० च्या सुमाराचा, दाखला न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातील एका सचित्र प्रार्थनापोथीत आढळतो. क्लीव्ह्जच्या कॅथरिनसाठी सिद्ध केलेल्या त्या पोथीत जोसेफ सुतारकामात गढलेला आहे, मेरी मागावर विणीत बसली आहे, आणि त्या दोघांच्या सान्निध्यात बालयेशू लाकडी गाड्यात उभा राहून पावले टाकू पाहत आहे. मराठी घरांत ज्या वस्तूला पांगुळगाडा म्हणतात, तिचीच ही दूरदेशीची भावंडे. मूल चालू लागते ते कोणाच्या सामर्थ्याने, या प्रश्नाचे प्रत्येक काळाने आपापल्या परीने उत्तर दिलेले आहे, आणि ते उत्तर त्या त्या काळाच्या ग्रंथांपेक्षाही त्याच्या बाळुत्यांत, पाळण्यांत आणि गाड्यांत अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळते.

युरोपचे जुने उत्तर असे होते, की मूल आपल्या सामर्थ्याने सरळ वाढतच नाही. त्याला सरळ करावे लागते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये वैद्यकी करणारा सोरॅनस हा ग्रीक वैद्य, नवजात अर्भकाचे हातपाय पट्ट्यांनी कसे गुंडाळावेत, याचे तपशीलवार विवेचन करतो. आणि रोममधील पुष्कळ मुलांच्या मांड्या वाकड्या होतात, हे नमूद करताना, मूल उभे राहावयास उतावीळ झाले असता त्याकडे पुरेशा काळजीने न पाहणाऱ्या तेथील स्त्रियांस तो बोल लावतो. अर्भकाचे अवयव मऊ असल्यामुळे ते जसे बांधावेत तसे घडतात, ही समजूत पुढे पंधराशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली, आणि तिच्या जोरावर युरोपातील कित्येक पिढ्यांनी आयुष्याचे पहिले महिने मानेपासून पावलांपर्यंत पट्ट्यांत जखडलेल्या स्थितीत काढले. पट्ट्या सुटल्या तरी मोकळीक मिळाली असे नव्हे. कारण त्यानंतर खांद्यांना शिवलेल्या ओढपट्ट्या येत, ज्या धरून दाई मुलास चालवीत असे. पडण्याच्या भयाने कापूस भरलेली जाड टोपी त्याच्या डोक्यावर येई. आणि उभे राहावयास लावणारे खांब, चौरंग व गाडे येत. या साधनांविरुद्ध पहिली तक्रार वैद्यांकडूनच झालेली दिसते. सोळाव्या शतकातील फेलिक्स वुर्त्झ या स्विस शल्यवैद्याने बालकांच्या शुश्रूषेवर लिहिताना असे बजावले आहे, की उभे राहण्याच्या चौकटीत मुलास अडकवून ठेवले म्हणजे आईला आपल्या कामाकडे वळता येते खरे, परंतु त्या चौकटीत तासन्‌तास तिष्ठणाऱ्या मुलाच्या पायांची किंमत देऊन ही सोय विकत घेतलेली असते.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी केवळ वाकड्या पायांचे भय नव्हते. जमिनीवर हातपाय टेकून सरपटणे हे पशूचे लक्षण आणि ताठ उभे राहणे हे मानवाचे, अशी धारणा त्या समाजात रुजलेली होती, आणि म्हणून सतराव्या शतकापर्यंत कित्येक प्रतिष्ठित घरांत मुलाला रांगू देणे हेच अनुचित मानले जाई. पट्ट्यांतून सुटलेले मूल मधला सारा टप्पा वगळून थेट दोन पायांवर यावे, यासाठी गाड्याची योजना होती. आपल्याकडे या बाबतीत दृष्टी अगदी निराळी होती, आणि तिचा पुरावा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मराठी घरांच्या देवघरांत पिढ्यान्‌पिढ्या पुजली जाणारी पितळी बाळकृष्णाची मूर्ती गुडघा व एक हात भुईला टेकून, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा धरून रांगत असते. ज्या अवस्थेची एका समाजाला लाज वाटली, तीच दुसऱ्या समाजाने गंधफुलांनी पूजिली, ही तफावत लहान नव्हे.

आमच्या प्राचीन वैद्यांचे म्हणणेही याच बाजूला झुकणारे आहे. सुश्रुताने शारीरस्थानात बालकाच्या संगोपनाचे नियम सांगताना, त्याला अंगाला सुख होईल अशा रीतीने घ्यावे, दरडावू नये, एकाएकी जागे करू नये, एकाएकी हिसकून उचलू नये, आणि पाठीला कुबड येण्याचे भय असल्याने वेळेपूर्वी बसवू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. मुलाने स्वतः बसण्यापूर्वी त्याला उशांच्या टेकूने बसविणाऱ्या आजच्या घरांनाही हा शेवटचा नियम ऐकविण्याजोगा आहे. चरकाने कुमारागाराचे, म्हणजे बालकाच्या खोलीचे, वर्णन करताना खेळणी रंगीत, हलकी, नाद करणारी व सुरेख असावीत, परंतु टोकदार, तोंडात शिरणारी, जिवास अपाय करणारी वा भय उपजविणारी नसावीत, असा जाबताच घालून दिला आहे. पुढील ग्रंथकारांनी पाचव्या वा सहाव्या महिन्यात शुभदिवशी बालकास भूमीवर बसविण्याचा संस्कार सांगितला, त्यातही भूमीशी मुलाचा परिचय विधिपूर्वक व्हावा, हा भाव आहे.

तथापि आपल्या रिवाजांत सर्वच मोकळेपणा होता, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. महाराष्ट्रातील घरांत न्हाऊमाखू घालणारी बाई पाटावर पाय पसरून बसे, बाळाला आपल्या पायांवर आडवे घेई, तेलाने त्याचे अंग रगडी, हातपाय उलटसुलट छातीवर आणून ताणी, ऊन पाण्याने न्हाऊ घाली आणि धुरी देऊन झाल्यावर दुपट्यात घट्ट बांधून पाळण्यात निजवी. या क्रमात बंध होता; परंतु तो निद्रेपुरता होता, आणि जागेपणी त्याच मुलाला अंगाखांद्यावर, कडेवर व मांडीवर भरपूर हालचाल घडे. कडेवर घेण्याच्या रीतीचे माहात्म्य तर आधुनिक अस्थिवैद्यांनी फार उशिरा ओळखले. पाय सरळ ताणून करकचून बांधल्याने खुब्याचा सांधा खोबणीतून सरकतो, आणि मांड्या फाकून मूल माणसाच्या अंगाशी धरल्यास तो खोबणीत नीट बसतो, हे ध्यानी आल्यावर जपानमध्ये १९७५ च्या सुमारास अर्भकांचे पाय सरळ न बांधण्याविषयी देशव्यापी मोहीम करण्यात आली, आणि जेथे पूर्वी शंभरांत एक ते साडेतीन मुलांना हा विकार होई, तेथे त्याचे प्रमाण हजारी दोनच्याही खाली उतरले. बंधाची नव्हे, तर बंधाच्या रीतीची आणि मुदतीची चौकशी करावयास हवी, हा या दाखल्यातून निघणारा बोध होय.

युरोपात हे बंध तुटावयास अठरावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या अनाथ अर्भकांच्या आश्रमासाठी विल्यम कॅडोगन या वैद्याने १७४८ मध्ये लिहिलेल्या निबंधात अर्भकाला सैल वस्त्रांत ठेवण्याचा आग्रह धरला. पुढल्याच वर्षी फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफों याने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या खंडांतून पट्ट्यांवर टीका केली. आणि १७६२ साली रूसोच्या ‘एमिल’ या ग्रंथाने या वैद्यकीय मताला नैतिक सिद्धान्ताचे स्वरूप दिले. आपल्या कल्पित शिष्याला कापसाची टोपी नको, गाडा नको, ओढपट्ट्या नकोत. त्याला कुरणात सोडावे, तेथे तो दिवसातून शंभर वेळा पडला तरी चालेल, कारण तितक्या वेळा उठावयास तो शिकेल, असे रूसोचे म्हणणे होते. पॅरिसच्या न्यायसभेने हा ग्रंथ धर्मविषयक मतांसाठी जाळण्याचा हुकूम केला. पण सुशिक्षित फ्रेंच व इंग्रज घरांतील पट्ट्या मात्र हळूहळू सुटू लागल्या.

रूसोने जे श्रद्धेने सांगितले, त्याची परीक्षा प्रयोगशाळेत होण्यास आणखी दीडशेहून अधिक वर्षे गेली. अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नोल्ड गेझेल याने बालकांच्या हालचाली चलच्चित्रांत टिपून त्यांचा क्रम निश्चित केला: प्रथम मान, मग खांदे व पाठ, मग कंबर, आणि सर्वांत शेवटी पाय. १९२९ मध्ये त्याने आणि हेलन टॉम्सन हिने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन जुळ्या बहिणींपैकी एकीला सेहेचाळिसाव्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव देण्यात आला, आणि दुसरीला त्रेपन्नाव्या आठवड्यापासून केवळ दोनच आठवडे. तरीही दुसरीने पहिलीला गाठले. शरीर सिद्ध झाले नसता केलेले शिकवणे बव्हंशी वाया जाते, असा निष्कर्ष गेझेलने यावरून काढला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ हिने जॉनी व जिमी या जुळ्या भावांपैकी जॉनीला जन्मापासूनच चढणे, पोहणे, चाकांच्या बुटांवर घसरणे यांचा रोज अभ्यास दिला, आणि जिमीला पाळण्यात मोजक्या खेळण्यांसह ठेविले. रांगणे व चालणे यांत दोघांमध्ये फारसे अंतर पडले नाही. परंतु उतार चढण्यासारख्या धाडसाच्या कौशल्यांत जॉनी फार पुढे गेला. जे सर्व मानवजातीचे आहे ते आपल्या वेळी येते, आणि जे एकट्या व्यक्तीने कमवावयाचे आहे त्यास अभ्यास लागतो, असा भेद मॅकग्रॉने १९३५ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

अलीकडील संशोधनाने या भेदात एक मोलाची भर घातली आहे. जी गोष्ट आपोआप येते असे वाटते, तीही मूल अपार कष्टाने मिळविते, हे न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजून दाखविले. एक ते दीड वर्षाच्या आसपासची मुले मोकळेपणी खेळत असता तासाला सरासरी २३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. या श्रमाकडे पाहिले म्हणजे मुलाला चालावयास कोणी शिकवीत नाही, यातील खरा अर्थ ध्यानी येतो. शिकवणारा नसतो, पण शिकणारा अहोरात्र कामाला लागलेला असतो, आणि आपण आडवे न आल्यास तो आपला पाठ स्वतःच गिरवितो.

मग बंध व मोकळीक यांमध्ये मोकळीकच सर्वस्व मानावी काय? या प्रश्नाचा निर्णय वेन डेनिस या एकाच संशोधकाच्या दोन निरीक्षणांतून व्हावा, हा ज्ञानाच्या इतिहासातील विलक्षण योग होय. अ‍ॅरिझोनातील होपी लोक अर्भकांना पहिले काही महिने दिवसाचा बहुतेक काळ फळीला बांधून ठेवीत. परंतु फळीवर वाढलेली आणि फळीविना वाढलेली होपी मुले साधारणपणे एकाच वयात, पंधराव्या महिन्याच्या सुमारास, चालू लागतात, असे त्याने व त्याच्या पत्नीने १९४० मध्ये नोंदविले. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्यानेच तेहरानमधील अनाथालयांची कैफियत प्रसिद्ध केली. तेथील काही संस्थांतून मुलांना कोणी बांधलेले नव्हते; पाळण्यांत ती उताणी पडून असत, आणि त्यांना उचलावयास, बसवावयास, त्यांच्याशी बोलावयास पुरेशी माणसेच नव्हती. अशा एका संस्थेत तीन ते चार वर्षांच्या मुलांपैकी शंभरांत पंधराच मुले आधाराविना चालत होती. फळीला बांधलेले होपी मूल आईच्या दृष्टीआड कधीच नव्हते, आणि ते चालले. मोकळे ठेवलेले अनाथ मूल कोणाच्याच दृष्टीत नव्हते, आणि ते चालले नाही.

या दोन टोकांमधला मार्ग ज्या स्त्रीने प्रत्यक्ष आचरून दाखविला, तिचे नाव एमी पिक्लर. १९०२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या आणि तेथेच वैद्यक शिकलेल्या या हंगेरियन बालवैद्येने, मूल स्वतः ज्या स्थितीत येऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवूच नये, हे आपल्या कुटुंबवैद्यकीचे सूत्र केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये बुडापेस्टच्या लॉत्सी रस्त्यावर निराधार अर्भकांसाठी गृह स्थापन करून तेच सूत्र शेकडो मुलांच्या संगोपनात लागू केले. तेथे मुलास टेकू देऊन बसवीत नसत, बोट धरून चालवीत नसत, गाड्यात घालीत नसत. परंतु आंघोळ घालताना, कपडे बदलताना, भरविताना परिचारिका घाई न करता मुलाशी बोले, आपण आता काय करणार ते त्याला सांगे, आणि त्याने आपणहून हात पुढे करीपर्यंत वाट पाही. अशा रीतीने वाढलेल्या ७२२ मुलांची निरीक्षणे पिक्लरने मांडली. उताणे, कुशीवर, पालथे, पोटावर सरपटणे, रांगणे, बसणे, उभे राहणे, चालणे, ही सारी वाट मुलांनी कोणाच्याही शिकवणीविना पार केली, आणि मधल्या ज्या असंख्य लहान आसनांकडे मोठ्यांचे लक्षही जात नाही, त्यांत ती मनसोक्त रमली. अनाथालयाच्या दुर्दशेवर तेहरानच्या आधीच इलाज सापडलेला होता. जमीन आणि माणूस ही दोन्ही एकत्र देणे, हाच तो इलाज.

मुलाने आपल्या वेळी चालावे, असे म्हटले की ती वेळ कोणती, हा प्रश्न आईबाप विचारणारच, आणि तो रास्त आहे. पाश्चात्त्य मुलांची मापे आपल्या मुलांना लावण्याऐवजी आपल्याच मुलांवरून मापे सिद्ध करण्याचे काम बडोद्यात प्रमिला फाटक यांनी हाती घेतले, आणि १९७० च्या सुमारास पुढे आलेले हे बडोद्याचे मानदंड नंतर सुधारून भारतीय अर्भकांच्या विकासमापनाची जी श्रेणी तयार झाली, तीत ३० महिन्यांपर्यंतच्या बालकांच्या शारीरिक हालचालींच्या ६७ कसोट्या आहेत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराविना बसण्याची वेळ ३.८ ते ९.२ महिने, तर आधाराविना चालण्याची वेळ ८.२ ते १७.६ महिने, इतकी विस्तीर्ण आहे. आणि शंभरांत चारांहून किंचित अधिक मुले हातगुडघ्यांवर न रांगताच चालू लागली. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या चौदा महिन्यांच्या मुलाकडे पाहून कष्टी होणाऱ्या प्रत्येक आईला हे आकडे कोणीतरी सांगावयास हवेत. मात्र या विस्तारालाही सीमा आहे. जन्माच्या वेळी मेंदूस झालेली इजा अवयवांच्या ताठरतेत प्रकट होते, हे विल्यम लिटल या इंग्रज शल्यवैद्याने १८६१ मध्येच मांडले होते. म्हणून दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, एकच हात वा एकच पाय वापरीत असेल, अंग फार ताठ वा फार लुळे वाटत असेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर वाट न पाहता वैद्याकडे जाणे हेच कर्तव्य होय. प्रतीक्षा आणि हयगय यांत गल्लत होता कामा नये.

आता पुन्हा गाड्याकडे वळू. आपला जुना पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांवर उभी केलेली लाकडी चौकट, जिचा आडवा दांडा धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राही आणि तो ढकलीत अंगणभर फिरे. त्यात मूल अडकवलेले नसे. हात सोडले की ते मोकळे होई, तोल गेला की खाली बसे, आणि साऱ्या देहाचा भार त्याच्याच तळव्यांवर पडे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा घेणाऱ्या प्लास्टिकच्या वॉकरची रचना याहून मुळातच वेगळी आहे; त्यात मूल झोळीसारख्या आसनात लोंबते, पायांची बोटे जेमतेम भुईला लागतात, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, आणि मेहनत न करता वेग मात्र भलताच येतो. १९९९ मध्ये अमेरिकेत १०९ मुलांच्या पाहणीत असे आढळले, की अशा वॉकरमध्ये ठेवलेली मुले बसणे, रांगणे व चालणे या तिन्ही गोष्टींत मागे पडतात. अपघातांची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९० साली एकट्या अमेरिकेत या वस्तूपायी सुमारे वीस हजार सहाशे बालके रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणली गेली, आणि त्या काळातील अशा दुखापतींपैकी बहुतेक जिन्यावरून गडगडल्याने डोक्याला वा मानेला झालेल्या होत्या. अमेरिकेच्या बालवैद्यांच्या संघटनेने २००१ मध्ये बंदीची मागणी केली, आणि कॅनडाने ७ एप्रिल २००४ रोजी या वॉकरची विक्री, आयात व जाहिरात कायद्याने बंद केली. वुर्त्झने जे साडेचारशे वर्षांपूर्वी लिहिले, ते अखेर एका सरकारच्या दप्तरात कलम होऊन दाखल झाले.

आपल्याकडे मात्र हीच वस्तू आजही बारशाच्या भेटीत हौसेने दिली जाते, आणि त्याबद्दल घरांना दोष देऊन भागणार नाही. कारण वॉकर येतो तो बहुधा जागेच्या आणि माणसांच्या टंचाईतून. एका खोलीच्या बिऱ्हाडात, चुलीपासून हातभर अंतरावर, एकट्या आईने रांगते मूल कोठे सोडावे? या अडचणीचा विचार महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत आधी केला, त्यांत ताराबाई मोडक अग्रभागी आहेत. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी काम केले. धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्यामुळे शाळेस न येणाऱ्या मुलींची अडचण ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणल्या, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, ही तजवीज केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या प्रत्येक अंगणवाडीमागे हा विचार उभा आहे.

म्हणून अंगणवाडीत आज वजन, पोषण आणि अक्षरओळख यांची जी चिंता वाहिली जाते, तिच्या जोडीला सपाट, स्वच्छ, सावलीच्या जमिनीची चिंताही वाहिली जावी, आणि त्या जमिनीवरील मुलांजवळ नोंदवह्या भरण्याच्या ओझ्यातून सुटलेले एक माणूस असावे, अशी मागणी करण्याचा या साऱ्या इतिहासाने आपल्याला अधिकार दिला आहे. घरात जागा नसेल तर सतरंजीएवढी भुई दिवसातून काही वेळ मुलासाठी राखून ठेवणे, आणि ते धडपडत असता त्याला लगेच उचलून न घेता शेजारी बसून राहणे, एवढे तर गरिबातल्या गरीब घरालाही साधण्याजोगे आहे. चालण्याचे सामर्थ्य मूल जन्मतःच घेऊन येते. ते वापरावयास जागा आणि सोबत देणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि बंध व गाडे यांवर खर्ची पडलेली इतकी शतके पाहिल्यावर तरी ते काम आपण यंत्राच्या हवाली करू नये.